बाळंतिणीपुरती जागा

आमच्या घरात पलंग मांडलेला असला की मागचं दार अर्धंच उघडायचं. त्या अर्ध्या दारातून आडवं होऊन अंगणात जायची आम्हाला इतकी सवय होती, की पाहुणे आले तर त्यांना शिकवावं लागे: आधी उजवा खांदा घाला, मग पोट आत ओढा. आमचे हे वणीजवळच्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. मी घरी बसून ब्लाउज शिवते. एक खोली, तिच्या कडेला स्वैपाकघर आणि मागं बोळासारखं अंगण, एवढ्यात आमची एकुलती एक लेक वाढली, शिकली आणि लग्न होऊन बोरी अरबला गेली. घर लहान आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याची लाज कधी वाटली नव्हती.

लाज वाटायला लावली ती विहीणबाईंनी, आणि तीही भरल्या ओसरीत. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. लेकीला सातवा लागला म्हणून आम्ही ओटी भरायला बोरीला गेलो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. ओटी भरायची आणि पोरीला घेऊन यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिची बॅगसुद्धा भरून दाराशी ठेवलेली होती. विहीणबाई म्हणजे उंच, काटक बाई. नवरा गेल्यावर शेती एकटीनं ओढलेली, त्यामुळं बोलताना समोरच्याला लागेल का, हा विचार करायला त्यांना कधी सवड झालेली नव्हती. त्यांनी बॅगेकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “न्या, माह्यी ना नाही. पन ठेवसान कुठं? तुमच्या घरी चांगलं मानूस आडवं झाल्याबिगर दारातून जात नाही. पोटुशी पोरगी कशी जाईन?”

ओटीला जमलेल्या बाया हसल्या. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं, पण धरणी असल्या वेळी कधी दुभंगत नाही. आधी जागा करा, मी स्वतः येऊन पाहीन आणि मग पोरीला धाडीन, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. आठव्यात गर्भारणीला प्रवास करू देत नाहीत, म्हणजे जे काही करायचं ते सातवा सरायच्या आत. बॅग पुन्हा आतल्या खोलीत गेली. परत येताना यवतमाळ येईपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर बसमध्ये ओरडले असते.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. बहुतेक घरामागच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, करत होती, कारण वारा ऐकू येत होता. तिच्या सासरी तिला कुणी छळत नाही, उपाशी ठेवत नाही. माझ्या विहिणीबद्दल मी हजार गोष्टी बोलेन, पण ही बोलणार नाही. पण कापूस वेचणीचे दिवस, घरातलं सगळं माणूस शेतात, आणि घरात ही एकटी. आवाज अगदी लहान करून ती म्हणाली, “आई, कसंही कर, पन मले घेऊन जा. कळा आल्यावर मी कोनाचा हात धरू?”

हे वाक्य माझ्या छातीत जे रुतलं ते रुतलंच. मशीनवर बसले तरी तेच, भाकरी थापतानाही तेच. पोरीला आई जवळ हवी होती आणि मध्ये आडवा आला होता तो आमचा पलंग.

ह्यांचा स्वभाव माझ्या उलट. मी भडकते, ते गप्प होतात आणि हातात काहीतरी घेऊन बसतात. ह्या वेळी मोबाइल घेऊन बसले. कुठल्याशा परदेशातली घरं पाहायचे, तिथं म्हणे पलंग भिंतीत जातो, टेबल दारातून निघतं, जिन्याच्या पायरीत कपडे ठेवतात. मी म्हटलं, आपल्याकडं जिनाच नाही तर पायरी कुठून आणणार. त्यावर ते उठले आणि बाजारातल्या सुतार मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्री म्हणजे आमच्या भागातले जुने कारागीर. दुकानांचे काउंटर, शाळेचे बाक, मशिदीचं दार, सगळं त्यांच्या हातचं. भिंतीत जाणारा पलंग मात्र त्यांनी जन्मात केलेला नव्हता, आणि तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खोलीत उभे राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि मला म्हणाले, “भाभी, जागा खाली जमीन पे मत ढूंढो. जागा भिंतीवर असते.”

तेव्हापासून आमच्या घरात भिंतींचं राज्य सुरू झालं. आधी जुना पलंग पुतण्याकडं धाडला. तो निघाल्यावर मागचं दार पहिल्यांदा सताड उघडलं आणि मी उगाचच दोनदा सरळ चालत आत-बाहेर करून आले. मग काचेचं शोकेस गेलं, ज्यात आम्ही कधी न वापरलेले कप मांडून ठेवले होते. धान्याचे डबे जमिनीवरून उठले आणि दारांच्या वर, खोलीभर फिरवलेल्या फळीवर जाऊन बसले. माझ्या शिलाई मशीनला मिस्त्रींनी एक उभं कपाट केलं. त्याचं दार खाली पाडलं की तेच कापड कापायचं टेबल, वर लावलं की नुसती भिंत. हे सगळं मला आवडत होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. घरात आग लागलेली असताना रांगोळी आवडली असं कसं म्हणायचं.

अंगणाला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. ते माझं. आजवर तिथं कुंड्या, फुटक्या बादल्या आणि तेलाचे डबे अशी झाडांची गर्दी होती, आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला तर पाट मांडायला जागा हवी, पाणी तापवायला चूल हवी, मालीश करणारीला पाय पसरून बसता आलं पाहिजे. मी प्लंबरकडून जाड पाइपचे तुकडे आणले, उभे चिरून घेतले, त्यांचे पन्हाळ करून भिंतीला एकाखाली एक टांगले. वरच्यात मेथी, खालच्यात शेपू. शेपू बाळंतिणीला लागते, दूध येतं. वरच्या पन्हाळाला घातलेलं पाणी झिरपत खालच्याला जायचं. कपडे वाळवायची दोरी कप्पीवर घेतली, म्हणजे ओढली की डोक्यावर. बोळाची जमीन पहिल्यांदाच मोकळी दिसली, तेव्हा वाटलं, ह्यात फक्त पोरीचा पाट नाही, एखादा पाळणाही बसेल.

पलंगापाशी मात्र घोडं अडलं. मिस्त्रींनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं तर आतून पोकळ आवाज आला. आमच्याकडं दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा, मग पायाखालून एक गुरगुर येते आणि रॅकमधली भांडी एकमेकांना लागून किणकिणतात. वर्षानुवर्षांच्या त्या हादऱ्यांनी गिलावा सुटलेला, विटांमधला माल ढिला झालेला. अशा भिंतीला पलंग टांगायचा, आणि त्यावर माझी लेक नि तिचं दिवसादोनदिवसांचं बाळ. माझी पाचावर धारण बसली. मी साफ सांगितलं की हे काम इथंच थांबवा. मिस्त्रींना राग आला. ह्यांना माझाच राग आला. तीन माणसं दहा बाय बाराच्या खोलीत रुसून बसली की खोली आणखी लहान होते.

शेवटी असं ठरलं की भिंतीवर भार टाकायचाच नाही. जमिनीत दोन सागवानी खांब रोवायचे, वर आढ्याला नेऊन भिडवायचे, आणि पलंग त्या खांबांना जोडायचा. उशापासून पायथ्यापर्यंतची एक लांब बाजू बिजागरीवर, दुसऱ्या बाजूला दोन पाय, जे पलंग वर उचलला की आपोआप आत दुमडतात. खाली जाड प्लायवूड, वर फोमची गादी. वर उचलून लोखंडी कडी लावली की झालं, खोली मोकळी. सांगायला सोपं. करायला इतके दिवस गेले की लेकीचे फोन वाढत चालले आणि माझी उत्तरं लहान होत गेली. ती विचारायची, झालं का. मी म्हणायची, होऊन राह्यलं.

पलंग तयार झाला त्या दिवशी मिस्त्री म्हणाले, चढून बघा. मी ह्यांना चढू दिलं नाही. आधी गव्हानं भरलेले कट्टे ठेवायला लावले, मग मी स्वतः निजले. डोळे मिटले तर कुठंतरी लाकूड कुरकुरलं आणि मी उठून बसले. मिस्त्री म्हणाले नवं लाकूड बोलतंच. तेव्हापासून रोज दुपारी भोंगा झाला की मी हातातलं काम टाकून त्या कडीपाशी जाऊन उभी राहायची. गुरगुर यायची, भांडी वाजायची, कडी हलायची नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. शेजारीण म्हणायची, बाई, तू पलंगाची पूजा करतेस की काय. तिला काय सांगू, मी त्या कडीला विनवत होते की, अजून थोडे दिवस धर.

विहीणबाई आल्या तेव्हा सातवा जेमतेम चार-सहा दिवस उरला होता. जावयांनी त्यांना बसनं आणून सोडलं आणि ते बियाण्याच्या कामानं बाजारात निघून गेले. ह्यांनी रजा टाकली होती. विहीणबाईंनी पायावर पाणी घेतलं आणि मी बसा म्हणायच्या आत थेट मागच्या दाराकडं चालत गेल्या. दार पूर्ण उघडं होतं. त्या ताठ चालत बाहेर गेल्या, ताठ चालत आत आल्या. मी मनात म्हटलं, बघ बाई, आता हस.

पण त्या हसल्या नाहीत. पन्हाळातल्या शेपूची काडी खुडून वास घेतला. पाणी तापवायच्या चुलीपुढं बसून पाहिलं, धूर कुठं जातो. कप्पीची दोरी खालीवर केली. मशीनच्या कपाटाचं दार पाडून त्यावर हाताचा भार टाकला. मी परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी मागं मागं फिरत होते. ह्यांनी कडी काढून पलंग खाली केला, पाय बाहेर आले, जमिनीला टेकले, आवाज नाही काही नाही. पुन्हा उचलला, कडी लावली. विहीणबाई जवळ गेल्या, अगदी उभ्या पलंगाच्या पुढ्यात, आणि वरची कडी निरखायला लागल्या.

आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजला.

त्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मला होता. मी बाजूला व्हा म्हणायला तोंड उघडलं, पण बाजूला व्हा म्हटलं तर पलंगावर आमचाच भरवसा नाही असं झालं असतं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी ह्यांच्याकडं. गुरगुर आली, भांडी वाजली, आढ्यातून थोडी माती विहीणबाईंच्या पदरावर पडली. पलंग जागचा हलला नाही. त्यांनी पदर झटकला आणि हे रोजचं आहे का म्हणून विचारलं. ह्यांनी रोजचंच म्हणून सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू आलं. माझ्या जिवात जीव आला. मी चहा टाकायला गेले आणि स्वैपाकघरात दोन घटका नुसती ओटा धरून उभी राहिले. मनात पोरीची बॅग पुन्हा दाराशी आली होती.

चहा झाला. पलंग खाली करून त्यावरच त्यांना बसवलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला, उठल्या, गादीची कड उचलली आणि खालच्या प्लायवूडवर बोटाच्या पेरानं ठोकलं.

“शेगडी कुठं ठेवसान?”

ह्यांना कळलंच नाही. मला लगेच कळलं. बाळंतीण निजते ती बाजेवर, सुंभानं विणलेल्या, खालून वारा खेळणाऱ्या बाजेवर. तिच्याखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवतात, वर ओवा टाकतात, आणि ती ऊब विणीतून वर पाठीला, कंबरेला लागते. दवाखान्यातल्या सिस्टर आजकाल धूर करू नका म्हणतात, बाळाच्या छातीला वाईट, आणि ते मला पटतं. पण बाहेर फुलवून धूर गेलेल्या निखाऱ्यांची ऊब, दार किलकिलं ठेवून, ती तर थंडीच्या दिवसांत हवीच. मी स्वतः माझ्या आईकडं तशीच निजले होते. आणि मी, ह्यांनी, मिस्त्रींनी मिळून भिंत पाहिली, खांब पाहिले, कडी पाहिली, खाणीचा हादरासुद्धा हिशेबात धरला, फक्त ह्या पलंगावर बाळंतीण निजणार आहे एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या फळीखाली निखारे ठेवले तर ऊब वर येणार नव्हती, आणि फळी मात्र पेटली असती. सगळं मुसळ केरात.

पण आमचे हे लगेच उठले. फळी काढून टाकतो म्हणाले, चौकट तशीच ठेवतो, तिच्यावर नवार विणून घेतो, आजच्या आज. बोलता बोलता स्क्रू काढायला पेचकस शोधायलाही लागले. विहीणबाईंनी जरा विचार केला आणि नवार चालेल म्हणून मान हलवली. मी पुन्हा श्वास घेतला. त्या बाईंनी मला श्वास घ्यायचं आणि सोडायचं काम दिवसभर लावलं होतं.

मग त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. पलंग खाली होता, आणि तो खाली असला की उरत होती फक्त चालण्यापुरती पट्टी.

“अन् तुम्ही दोघं कुठं झोपसान?”

मी म्हटलं, मी स्वैपाकघरात ओट्याखाली. चटई मावते, मी पाहून ठेवलं होतं. आणि इवाई, असं त्यांनी ह्यांच्याकडं बघून विचारलं. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. ह्यांनी पेचकस हातातल्या हातात फिरवला आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, “मी नाइट शिफ्ट मागून घेतली. पोरगी हाये तवर रोज नाइटच.”

हे मला ठाऊक नव्हतं. साहेबांकडं जाऊन मागून आले, मंजूर करून घेतली आणि घरी सांगितलं नाही. मला क्षणभर वाटलं, ह्या माणसानं स्वतःलाच घडी घालून भिंतीला लावलं.

विहीणबाईंचा हिशेब मात्र अजून संपला नव्हता. त्या म्हणाल्या, “मंग दिवसा?”

बाळंतीण काही रात्रीपुरतीच निजत नाही. सव्वा महिना तिची बाज दिवसरात्र मांडलेली. मालीशवाली येणार, शेजारणी येणार, दूध पाजायचं, त्या खोलीत पुरुष माणूस दिवसा पाय कुठं पसरणार. ह्यांनी हळूच सांगितलं की मिस्त्रींशी बोलून ठेवलंय, त्यांच्या दुकानात मागं फळ्यांचा ढीग आहे, तिथं पडेन. मिस्त्रींच्या दुकानात दिवसभर करवतीचं मशीन चालतं. तिथं मुंगीलाही झोप लागायची नाही.

लोकांना डंपर म्हणजे मोठा ट्रक वाटतो. त्याचं नुसतं एक चाक उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर पोचतं. खाणीच्या कडेकडेनं तो वर चढवायचा असतो, एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ह्यांच्याच शिफ्टमधला एक जण पहाटे डुलकी लागून त्या ‘काहीच नाही’त गेला. त्याच्या घरी मी पाणी घेऊन गेले होते, त्याच्या बायकोच्या तोंडाला ते लावलं होतं. आणि हा माणूस करवतीखाली पडून राहणार आणि रात्रभर गाडी हाकणार, का, तर आमच्या खोलीत पलंग मावावा.

माझ्या डोक्यात जे काही इतके दिवस तुंबलं होतं ते फुटलं. मी ह्यांच्या हातातला पेचकस घेतला आणि ओट्यावर आपटला.

“नाही. पोरगी इथं येनार नाही. मले लेक पाह्यजे, पन तुमच्या जिवावर नाही पाह्यजे.”

बोलले आणि माझ्याच कानांना ते ऐकू आलं. ज्या एका गोष्टीसाठी भिंती उकरल्या, ती मीच माझ्या तोंडानं नाकारली होती. शेताच्या धुऱ्यावरून तो लहान आवाज पुन्हा आला, कोनाचा हात धरू. मी भिंतीकडं तोंड करून रडले. हे खाली मान घालून उभे. इतके दिवस खपून त्या खोलीत जागा केली होती, पण तिघांतल्या कुणाला कुठं बघावं कळत नव्हतं.

विहीणबाई पुन्हा बसल्या. मग जे बोलल्या ते त्यांना सोपं गेलं नसावं, कारण आवाजातली ती धार नव्हती. “मी दिवसभर कापसात असतो. पोरीजवळ बसाले माह्या घरी कोनी नाही. जागा माह्याकडं हाये, मानूस तुमच्याकडं हाये. तुम्हीच चाला माह्यासंगं.”

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरी अन्न घेत नाहीत. पाणीसुद्धा शेजारच्या घरचं पितात. ओटीच्या दिवशीही आम्ही घरून नेलेल्या दशम्या बोरीच्या बस स्टॉपवर बसून खाल्ल्या होत्या. आणि आता त्या घरात जाऊन राहायचं, महिना-दीड महिना, चार माणसं काय म्हणतील, की ह्यांना स्वतःच्या घरी पोरगी आणता आली नाही म्हणून आईच सासरी येऊन पडली. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तसं म्हणालेही. विहीणबाई म्हणाल्या की चार माणसांना कापूस वेचायला बोलवा, एकही येत नाही. मी ह्यांच्याकडं पाहिलं.

“जा तू,” हे म्हणाले. “मले पोया येतात.”

ह्यांना पोळ्या येत नाहीत. जन्मात कधी आल्या नाहीत.

नववा लागला तशी मी बोरीला गेले. सोबत माझा स्टोव्ह, माझं पीठ, आणि पन्हाळातली उपटून ओल्या फडक्यात बांधलेली शेपू. नाइट शिफ्ट मी ह्यांना आधी रद्द करायला लावली, मगच बसमध्ये पाय ठेवला. विहीणबाईंचं घर मला नेहमी ऐसपैस वाटायचं. आत राहिल्यावर कळलं की एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस, दुसरीत बियाणं आणि फवारणीचं सामान, आणि लेकीसाठी जी खोली सारवून, बाज मांडून ठेवली होती ती विहीणबाईंची स्वतःची होती. त्यांनी आपली वळकटी ओसरीत नेली होती. थंडीत ओसरीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, मले कुठंबी झोप लागते. ह्या बाबतीत त्या आणि आमचे हे सारखेच खोटारडे.

कळा सुरू झाल्या तेव्हा पोरीनं माझा हात धरला तो सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत सोडला नाही. माझ्या मनगटावर तिच्या नखांचे वण किती तरी दिवस होते, आणि मला ते पुसले जाऊ नयेत असं वाटायचं. मुलगी झाली. घरी आणून बाजेवर निजवलं, विहीणबाईंनी निखारे अंगणात फुलवून, धूर पूर्ण गेल्यावर शेगडी आत आणली आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. नात झाली, आता जेवा, म्हणाल्या. मी जेवले. त्यांची डाळ माझ्यापेक्षा तिखट असते, पण त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतली.

त्याच संध्याकाळी ह्यांना फोन लावला. मुलगी झाल्याचं दवाखान्यातूनच कळवलं होतं, पण तेव्हा नीट बोलणं झालं नव्हतं. दोघी बऱ्या आहेत, बाळ तुमच्या नाकाचं आहे, असं सगळं सांगितलं. ते नुसतं हं हं करत राहिले. जेवलात का विचारलं, तर हं. झोप होते का, तेही विचारलं. मग म्हणाले की पलंग उचलून कडी लावून ठेवलाय, खाली मधोमध चटई टाकतो, हातपाय पसरले तरी कुठं लागत नाहीत.

“जागाच जागा हाये,” ते म्हणाले. “झोप येत नाही.”

लेक बाजेवरून मान उचलून माझ्याकडं बघत होती. बाबा काय म्हणतात, तिनं विचारलं.

मी म्हटलं, “घर लय मोठं झालं म्हनतात.”